कमरेएवढा हत्ती

दिवाळीची सुटी लागली की आमच्या अंगणात किल्ला होतो. होतो म्हणजे नात करते आणि मी माती कालवून देतो. बुरूज झाले, तटबंदी झाली, हळीव पेरून हिरवळही उगवली. मावळे आपापल्या पहाऱ्यावर उभे राहिले, पायथ्याच्या गुहेत दरवर्षीप्रमाणे वाघ बसला. यंदा तिने बाजारातून एक मातीचा हत्तीही आणला होता. तो दरवाजापाशी उभा केला, तेव्हा लक्षात आले, की हत्ती शेजारच्या मावळ्याच्या जेमतेम कमरेला लागतो. पलीकडच्या घरातला मुलगा खो खो हसत सुटला. "एवढासा हत्ती असतो का कुठे?" नातीचा चेहरा पडला.

मी म्हणालो, "असतो. म्हणजे, होता."

"खरंच, आजोबा? कुठे?"

"समुद्रातल्या एका बेटावर. तिथे खायला कमी, म्हणून तो लहान राहिला."

तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग त्याला पोटभर खायला दिलं असतं, तर तो मोठा झाला असता का?"

मी 'हो' म्हणणार होतो, पण अडखळलो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. 'अमुक झाले म्हणून तमुक झाले' असे कोणी उत्तरपत्रिकेत लिहिले, की त्या 'म्हणून'खाली मी लाल रेघ ओढत असे. कारण इतिहासातल्या बहुतेक चुका याच शब्दात दडलेल्या असतात. आणि आज मीच एका लहान मुलीला तसला एक 'म्हणून' सांगून मोकळा झालो होतो. त्या रात्री कपाटातली पुस्तके काढून बसलो. जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो. ही हकीकत हत्तीची आहे आणि इतिहासाचीही आहे.

तिची सुरुवात आमच्या नाशिक जिल्ह्यातच करता येते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे. थंडीत तिथे हजारो पाणपक्षी उतरतात आणि ते पाहायला आम्ही मंडळी डबे बांधून जातो. पण याच परिसरात गोदावरीच्या गाळात एका प्रचंड हत्तीची अश्मीभूत कवटी सापडली होती, हे तिथे जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पिल्ग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ साली तिची नोंद प्रसिद्ध केली. हा आजच्या हत्तीचा थेट पूर्वज नव्हे. त्याच्या भाऊबंदांपैकी एक, आता निर्वंश झालेला. नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडे आधी सापडली होती, म्हणून शास्त्रज्ञांनी नर्मदेवरूनच त्याचे नाव ठेवले. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी तेरा फुटांहून उंच भरत असे. आजचा आपला मोठा हत्ती त्याच्याशेजारी लहान भावासारखा दिसला असता.

हे नाव ठेवणारे दोघे जण. एक ह्यू फाल्कनर हा स्कॉटलंडचा डॉक्टर आणि दुसरा प्रॉबी कॉटली हा कालवे बांधणारा अभियंता. गंगेचा मोठा कालवा पुढे यानेच बांधला. फाल्कनर १८३२ पासून सहारनपूरच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा प्रमुख होता. काम झाडापेडांचे, पण जवळच्या शिवालिक टेकड्यांत त्याला आणि कॉटलीला पुरातन प्राण्यांच्या हाडांचे भांडारच सापडले. हत्ती, पाणघोडे, जिराफ, अवाढव्य कासवे! या कामासाठी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८३७ साली दोघांना आपले मानाचे पदक दिले. हत्तीची दाढ हातात घेतली, की ती कोणत्या घराण्याची हे ओळखण्यात फाल्कनरचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल.

हा माणूस पुढे युरोपात परतला आणि भूमध्य समुद्राच्या बेटांकडे वळला. १८६० च्या सुमारास माल्टा बेटावरच्या एका गुहेत स्प्रॅट नावाच्या आरमारी अधिकाऱ्याला काही हाडे व दात मिळाले. ते फाल्कनरपुढे आले. दात हत्तीचे, यात शंका नव्हती, पण आकार? एखाद्या वासराएवढ्या जनावराचा! प्रथम वाटावे, की ही पिल्ले असतील. पण दाढा झिजलेल्या होत्या, हाडांची टोके सांधून पक्की झाली होती. म्हणजे ही पिल्ले नव्हती. चांगले पोक्त, म्हातारे हत्ती होते. शिवालिकचे आणि नर्मदेचे महाकाय हत्ती ज्याने जगापुढे आणले, त्याच्याच हाती जगातले सर्वांत ठेंगणे हत्ती यावेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. १८६५ साली फाल्कनर वारला. त्यानंतर त्याचे अपुरे काम जॉर्ज बस्क या शास्त्रज्ञाने पुरे केले आणि त्यातल्या सर्वांत लहान हत्तीला फाल्कनरचेच नाव दिले.

या लहान हत्तीचे सर्वांत चांगले सांगाडे सिसिली बेटावर, सिराक्यूज शहराजवळच्या स्पिनागालो गुहेत मिळाले आहेत. पुरा वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे तीन फूट. मादी त्याहून कमी. माझ्या नातीचा मातीचा हत्ती मावळ्याच्या कमरेला लागत होता. म्हणजे कुंभाराचे माप अगदी बिनचूक होते!

सिसिलीच्या गुहांतल्या हत्तींच्या कवट्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते. हत्तीच्या कवटीत कपाळाच्या मधोमध एक मोठे भोक असते. ते सोंडेचे, म्हणजे नाकाचे. डोळ्यांच्या खोबणी बाजूला असतात आणि सहज नजरेत भरत नाहीत. ज्याने हत्ती कधी पाहिला नाही, त्याला ती एका डोळ्याच्या राक्षसाची कवटी वाटेल. ग्रीकांच्या पुराणातला एकाक्ष राक्षस असाच जन्माला आला असावा, असा तर्क ओथेनिओ आबेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१४ साली मांडला. तर्कच तो, पुरावा नव्हे. पण ठेंगण्या हत्तीला माणसांनी राक्षस ठरवावे, ही कल्पना मोठी गमतीची आहे खरी.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा हत्ती लहान का झाला?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. माझी चूक झाली ती नेमकी इथेच. आपल्याकडची गुरे घ्या. माणदेशातला खिल्लार बैल उंच, लांब पायांचा. कोकणातले गावठी गुरू बसके, लहान चणीचे. डोंगरउतारावर आणि मुसळधार पावसात निभावणारे. समजा, खिल्लारीचे वासरू कोकणात नेले आणि अर्धपोटी ठेवले, तर ते खुरटेल. पण त्या खुरटलेल्या गाईच्या वासराला पुढे पोटभर चारा मिळाला, तर ते पुन्हा खिल्लारासारखेच वाढू लागेल. आईची उपासमार वासराच्या रक्तात वारसा म्हणून कायमची उतरत नाही. उलट, कोकणातल्या वासराला घाटावर आणून कितीही खुराक द्या, ते धष्टपुष्ट होईल, पण त्याचा खिल्लार होणार नाही. पहिले खुजेपण एका आयुष्याचे आहे, दुसरे पिढ्यांचे. सिसिलीच्या हत्तीचे खुजेपण या दुसऱ्या जातीचे.

ते घडले कसे? हत्ती उत्तम पोहतो. मुख्य भूमीवरचे सरळ सुळ्यांचे मोठे हत्ती, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या हत्तीचे युरोपातले भाईबंद, सागराची पातळी खाली असताना अरुंद खाड्या ओलांडून बेटांवर पोहोचले. तिथे दोन गोष्टी बदलल्या. एक, त्यांच्यावर झडप घालील असा सिंह किंवा तरस तिथे नव्हता. आणि दोन, चारा मोजका होता. एखादे वर्ष कोरडे गेले, तर चाऱ्यासाठी दुसरीकडे जायला वाट नव्हती, सभोवार समुद्र. मुख्य भूमीवर प्रचंड देह हे हत्तीचे चिलखत असते. बेटावर शत्रूच नाही, तर चिलखताचे ओझे कशाला? मोठ्या हत्तीला रोज दीडदोनशे किलो पाला लागतो. दुष्काळात मोठा आधी मरे, जन्मतःच थोडा लहान असलेला तग धरी आणि त्याची पिल्ले मागे राहत. त्या पिल्लांतही लहान चणीची अधिक टिकत. असे पिढ्यान्पिढ्या चालले. कोणी हत्ती 'लहान झाला' नाही. लहान होते, त्यांचा वंश उरला. नातीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. त्या हत्तीला पोटभर खायला घातले असते, तर तो गुटगुटीत झाला असता. तेरा फुटांचा झाला नसता.

बेटांचा हा हिशेब उलटही चालतो. ज्या माल्टात हत्ती लहान झाला, त्याच माल्टात उंदराच्या जातीचा एक प्राणी मांजराएवढा वाढला, आणि तिथला राजहंस आजच्या राजहंसाहून मोठा झाला. मान वर करून उभा राहिला, तर त्या छोट्या हत्तीच्या डोक्यावरून पाहील एवढा. मोठ्यांनी लहान व्हावे आणि लहानांनी मोठे व्हावे, असा बेटांचा कल असतो, हे ब्रिस्टल फॉस्टर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६४ साली दाखवून दिले. नियमाला अपवाद पुष्कळ आहेत. पण कल खरा आहे.

या संशोधनात एका बाईचे नाव आदराने घ्यायला हवे. आडनाव ऐकून मराठी माणसाला हसू येईल. तिचे नाव डोरोथिया बेट! आणि या बेटबाईंचे नाव झाले तेही बेटांमुळेच. १८९८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ही वेल्समध्ये जन्मलेली मुलगी लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेली आणि 'मला काम द्या' म्हणाली. विद्यापीठाची पदवी नाही, कायमची नोकरी नाही. जितके नमुने साफ करील, तितक्यांचे पैसे. १९०१ साली ती सायप्रसला गेली आणि डोंगरातल्या गुहा एकेक करून धुंडाळू लागली. तिथे तिला ठेंगण्या पाणघोड्याची हाडे मिळाली आणि ठेंगण्या हत्तीचीही. १९०४ मध्ये ती क्रीट बेटावर गेली. तिथेही एक छोटा हत्ती तिची वाट पाहत होता. पुढे २०१२ साली त्या क्रीटच्या हत्तीचे दात पुन्हा तपासले, तेव्हा निघाले, की तो हत्ती नव्हेच, तो मॅमथ! म्हणजे बर्फाळ प्रदेशातल्या केसाळ मॅमथाचे नातलग घराणेही बेटावर येऊन पावणेचार फुटांवर आले होते. घराणी दोन, बेटे दोन, पण उत्तर एकच.

मग सारे काही परिस्थितीच ठरवते काय? तसे असते, तर इतिहासाला काम उरले नसते. पण तसे नाही. सिसिलीचा हत्ती मेंढीएवढा झाला, म्हणून मेंढी झाला नाही. सोंड राहिली, सुळे राहिले, पन्हळीदार दाढा राहिल्या. त्याहून नवलाची गोष्ट २०२१ साली प्रसिद्ध झाली. स्पिनागालोच्या हत्तींची हाडे व सुळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वर्षांची वलये दिसली. लहान देहाचा प्राणी सहसा घाईने वाढतो, लवकर विणतो, लवकर मरतो. मेंढी दुसऱ्या वर्षी आई होते. हा मेंढीएवढा हत्ती मात्र पंधराव्या वर्षाच्या सुमारास वयात येत असे आणि त्यातला एक तर किमान अडुसष्ट वर्षे जगला होता. अंग आटले, पण सावकाश वाढण्याची घराण्याची चाल सुटली नाही. परिस्थितीने अंगरखा आखूड केला, वीण मात्र पूर्वजांचीच राहिली.

मला वाटते, प्राण्याच्या देहाचे सारे मर्म यात आले. देह म्हणजे दोन पक्षांतला तह. एका बाजूला वाडवडिलांकडून आलेला ऐवज आणि दुसऱ्या बाजूला समोरचा मुलूख. दोघांपैकी कोणालाच सगळे मनासारखे मिळत नाही. आणि हा तह त्याच मुलखापुरता असतो. मुलूख बदलला, की कागद निरुपयोगी.

याचा दाखलाही बेटबाईंनीच शोधून ठेवला आहे. १९०९ साली त्या स्पेनजवळच्या मायोर्का बेटावर गेल्या. तिथल्या गुहांत त्यांना एका अजब जनावराचे अवशेष मिळाले. अंग बोकडाचे, पण खालच्या जबड्यात पुढचे दात उंदरासारखे, जन्मभर वाढत राहणारे. त्यांनी त्याचे नावच 'उंदीरबोकड' अशा अर्थाचे ठेवले. उंची सुमारे दीड फूट. सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र बराचसा आटला होता, तेव्हा त्याचे पूर्वज चालत तिथे आले. मग पाणी भरले आणि ते अडकले. हरणाचे, शेळीचे डोळे बाजूला असतात, मागून येणारा वाघ दिसावा म्हणून. इथे वाघच नाही. तेव्हा याचे डोळे समोर आले. पाय आखूड झाले. पळण्याची गरज नव्हती. मेंदूही लहान झाला, कारण मेंदू पोसायला फार अन्न लागते. २००९ साली त्याची हाडे तपासली, तेव्हा तर शास्त्रज्ञ थक्क झाले. चारा असेल तेव्हा वाढायचे, नसेल तेव्हा वाढ थांबवून ठेवायची, अशी सुसरीसरड्यांची रीत या सस्तन प्राण्याने उचलली होती! काटकसरीची याहून मोठी कमाल काय सांगावी?

ही काटकसर लाखो वर्षे पुरली. आणि साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे होड्यांतून माणूस उतरला. पळता न येणारे, मागचे न दिसणारे, संथपणे वाढणारे ते गरीब जनावर थोड्याच काळात नामशेष झाले. सायप्रसचे पाणघोडे आणि हत्तीही, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी माणूस तिथे पोहोचला, त्याच सुमारास संपले. त्यांच्यात उणे काही नव्हते. त्या बेटावर जसे असायला हवे, तसेच ते होते. त्यांना कमी पडली ती बदलायला मुदत.

ही मुदतीची गोष्ट मला अस्वस्थ करते. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानहत्ती सिंधुदुर्गात उतरले. दोडामार्ग भागातल्या शेतकऱ्यांची केळी, माड, भातशेती त्यांनी तुडवली. शेतकऱ्याचा संताप खोटा नाही. वर्षाचे पीक एका रात्रीत जाते. पण नकाशा काढून पाहिला, तर दिसते, की रस्ते, धरणे, मळे आणि वस्त्या यांनी देशभर जंगलाचे तुकडे तुकडे केले आहेत. समुद्र नाही एवढेच. बाकी ती बेटेच. आणि या बेटांतल्या हत्तीला लहान होऊन निभावता येईल, असे कोणी म्हणेल तर ते व्यर्थ आहे. सिसिलीच्या हत्तीला शेकडो पिढ्या मिळाल्या होत्या. हत्तीची एक पिढी म्हणजे वीसपंचवीस वर्षे. आपला एक रस्ता दोन वर्षांत होतो. बेटे पूर्वीही झाली. पण ती इतक्या घाईने झाली नव्हती. तेव्हा बदलणे हत्तीला शक्य नाही. जंगलाचे दोन तुकडे जोडणारी वाट मोकळी ठेवणे आपल्याला शक्य आहे. तेवढे केले, तर शेतकऱ्याचेही रक्षण होईल आणि हत्तीचेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला आणि नातीला अंगणात बसवून हे सारे तिला समजेल अशा भाषेत सांगितले. आधी कबूल केले, "काल मी तुला चुकीचं सांगितलं. खायला दिलं असतं, तरी तो मोठा झाला नसता." तिला माझ्या चुकीचे विशेष काही वाटले नाही. राक्षसाच्या कवटीची गोष्ट मात्र तिने दोनदा सांगायला लावली. मग ती उठली. तांब्याभर पाणी आणून किल्ल्याभोवती तिने खंदक भरला आणि हत्तीला मधोमध, हळिवाच्या हिरवळीत नेऊन उभे केले.

"आता हे बेट," ती म्हणाली. शेजारचा मुलगा पुन्हा आला होता; पण आज तो हसला नाही. गुडघ्यांवर हात टेकून पाहत राहिला.

एवढ्यात तिला काहीतरी आठवले. तिने गुहेत हात घातला, वाघ बाहेर काढला आणि पाण्याच्या अलीकडे, माझ्या पायाशी आणून ठेवला.